एल्फिन्स्टन हे आडनाव आले कोठून, आणि त्यावरून गव्हर्नरांशी नाते जोडता येते का?

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: आपल्या सुनेच्या आईचे माहेरचे आडनाव एल्फिन्स्टन असून ती मंडळी स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनशायरची आहेत. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन हे आपल्याच वंशातले, असे त्यांच्या घरात पूर्वापार सांगितले जाते. आडनावाच्या उगमाविषयी आपल्याला तीन वेगवेगळ्या कथा वाचायला मिळाल्या: एक परीच्या शिळेची, दुसरी जर्मन सरदाराची आणि तिसरी एका खेड्याची. नातवासाठी वंशवृक्ष आणि कुलचिन्ह चौकटीत बसवून घ्यावे असा आपला विचार आहे, म्हणून यातले खरे काय ते आपल्याला हवे आहे.

स्कॉटिश कुटुंबांच्या वंशावळी शोधण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि असे प्रश्न माझ्याकडे वारंवार येतात. त्यांत बहुधा दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. आडनाव कोठून आले हा एक, आणि ते लावणारे हे विशिष्ट कुटुंब कोठून आले हा दुसरा. एल्फिन्स्टनच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर बऱ्याच खात्रीने देता येते. दुसऱ्याचे उत्तर आपल्या विहिणीच्या घरच्या कागदपत्रांवर अवलंबून आहे आणि ते पाहिल्यावाचून मी किंवा अन्य कोणीही ते देऊ शकणार नाही. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावले की वंशवृक्ष बिघडतो.

आधी आडनाव घेऊ. एडिंबरोच्या पूर्वेला ईस्ट लोदियन परगण्यात ट्रॅनेंट नावाचे गाव आहे आणि त्याच्या दक्षिणेला एल्फिन्स्टन हे लहानसे खेडे आहे. आडनावाचा उगम हाच. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे १२३५च्या सुमारास, अ‍ॅलन दि स्विंटन याच्या एका सनदेत ‘दि एल्फिनिस्टून’ असा उल्लेख सापडतो. यातील ‘दि’ म्हणजे ‘अमुक ठिकाणचा’, आणि ‘एल्फिनिस्टून’ ही वर्णरचना तर उगमाचा निम्मा पुरावाच आहे. शेवटचा घटक ‘टून’ हा आहे. जुन्या इंग्रजीत आणि पुढे स्कॉट्स भाषेत त्याचा अर्थ वाडी, शेतघरांची वस्ती असा होता. त्याच्या आधीचा ‘स’ हा षष्ठीचा प्रत्यय आहे. एल्फिन नावाच्या कोणा माणसाची वाडी, एवढाच या नावाचा अर्थ. हा माणूस जुन्या इंग्रजीतील एल्फवाइन म्हणायचा की गेलिकमधील अल्पिन, याविषयी दोन मते आहेत. मला पहिले मत जवळचे वाटते, कारण त्या भागातील जुन्या वस्त्यांची नावे मोठ्या प्रमाणात जुन्या इंग्रजीतून आलेली आहेत. पण यावर मी वाद घालणार नाही.

शिळेची कथा यावरून निकालात निघते. नावाच्या शेवटी ‘स्टोन’ लिहिण्याची रूढी पुढच्या काळातली आहे. ‘टून’चा उच्चार झिजला आणि लेखनिकांनी ओळखीचा शब्द लिहून टाकला. याच पट्ट्यात असे पुष्कळ घडले आहे. जॉन्स्टोन म्हणजे जॉनची वाडी, एडमन्स्टोन म्हणजे एडमंडची. लिव्हिंग्स्टन या गावाचा उल्लेख बाराव्या शतकातील लॅटिन सनदेत ‘व्हिला लेव्हिंग’, म्हणजे लेव्हिंग नावाच्या माणसाचे गाव, असा येतो आणि त्यातही दगडाचा संबंध नाही. एल्फवाइन या व्यक्तिनावात ‘एल्फ’ म्हणजे यक्षसदृश जीव आहे हे खरे, पण तेवढ्यावरून गावात परीची शिळा होती असे म्हणणे चालणार नाही.

जर्मन सरदाराच्या कथेकडे जरा सविस्तर पाहू, कारण ती जुन्या, प्रतिष्ठित दिसणाऱ्या ग्रंथांतूनही आलेली आहे आणि छापील आहे म्हणून लोक तिच्यावर विश्वास ठेवतात. रॉबर्ट ब्रूसच्या कारकिर्दीत एक जर्मन वीर स्कॉटलंडमध्ये आला, त्याने ब्रूसच्या भाचीशी विवाह केला, त्याला लोदियनमध्ये जमीन मिळाली आणि त्याने त्या जमिनीला स्वतःचे नाव दिले, अशी ती कथा आहे. ती तपासायला मोठी विद्वत्ता लागत नाही. ब्रूसने राज्य केले १३०६ ते १३२९ या काळात, आणि जमिनीचे नाव त्याआधी सुमारे सत्तर वर्षांपासून कागदावर आहे. जमिनीला नाव देणारा माणूस त्या नावानंतर दोन-तीन पिढ्यांनी येऊ शकत नाही. अशा कथा का रचल्या गेल्या हे समजण्यासारखे आहे. सोळाव्या ते अठराव्या शतकांत युरोपातील अनेक उमराव घराण्यांना आपला मूळ पुरुष परदेशातून आलेला योद्धा असावा असे वाटे, कारण गावच्या जमीनदाराचा वंशज असण्यात फारसा दिमाख नव्हता. उगमकथेत राजाची भाची आली की मी आधी तारखा मांडून पाहतो.

गावावरून आडनाव घेण्याची रीत आपल्याला नवी नाही. चिपळूणकर म्हणवणारी सगळी कुटुंबे एका मूळ पुरुषाची नसतात हे आपण जाणताच, आणि एल्फिन्स्टनकडे पाहताना तेच ध्यानात ठेवावे. फरक असा की स्कॉटलंडच्या सखल प्रदेशात असे ‘स्थानदर्शक’ आडनाव प्रथम लावतो तो त्या जमिनीचा धनी. जमीन लहान आणि धनी एकच असेल तर आडनाव दुर्मीळ राहते. एल्फिन्स्टन दुर्मीळ आहे त्याचे मुख्य कारण हेच. धंद्यावरून आलेले स्मिथ किंवा कोणा डोनाल्डच्या नावावरून पडलेले मॅक्डोनाल्ड हे आडनाव अनेक ठिकाणी, अनेक वेळा, स्वतंत्रपणे लागू शकले. एल्फिन्स्टन मात्र एकाच ठिकाणाहून निघाले.

येथे एक गुंता आहे आणि नकाशा पाहून शोध घेणारे हमखास त्यात अडकतात. एल्फिन्स्टन नावाचे ठिकाण स्कॉटलंडमध्ये एकच नाही. चौदाव्या शतकात या घराण्याला विवाहसंबंधातून स्टर्लिंगशायरमध्ये, फोर्थ नदीच्या काठी एअर्थजवळ जमिनी मिळाल्या. पंधराव्या शतकात थोरल्या शाखेत मुलगा राहिला नाही. तेव्हा वारसदार मुलगी अ‍ॅग्नेस हिच्याकडे ईस्ट लोदियनमधील मूळ गाव गेले आणि तिच्या विवाहामुळे ते जॉन्स्टोन घराण्याचे झाले. तिचा चुलता हेन्री याच्याकडे स्टर्लिंगशायरमधील जमिनी राहिल्या. म्हणजे आडनाव चुलत्याकडे राहिले आणि आडनावाचे गाव पुतणीबरोबर दुसऱ्या घरात गेले. सोळाव्या शतकाच्या आरंभी चुलत्याच्या वंशजांनी एअर्थजवळच्या आपल्या जहागिरीलाच एल्फिन्स्टन हे नाव देऊन टाकले. ती जहागीर १७५४ मध्ये डनमोरच्या अर्लने विकत घेतली आणि आज तो भाग डनमोर म्हणून ओळखला जातो. तिसरे ठिकाण आपल्या सुनेच्या आजोळच्या परिसरातले: इन्व्हरुरीजवळचे पोर्ट एल्फिन्स्टन. १८०५ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅबर्डीनशायर कालव्याच्या टोकाला ते वसले, आणि कालव्याला पाठबळ देणाऱ्या, त्याच परगण्यातील लोगी-एल्फिन्स्टन या जहागिरीच्या जमीनदारावरून त्याला नाव मिळाले. पहिल्या ठिकाणाने माणसांना नाव दिले आणि माणसांनी पुढच्या दोन ठिकाणांना. ‘आमचे मूळ पोर्ट एल्फिन्स्टनचे’ असे घरात कोणी म्हणत असेल, तर ते राहण्याचे ठिकाण असू शकेल, आडनावाचे मूळ नव्हे.

ईस्ट लोदियनमधल्या मूळ एल्फिन्स्टन गावचा जुना बुरूज पंधराव्या शतकातला होता. धर्मसुधारक जॉर्ज विशर्ट याला १५४६ मध्ये पकडल्यावर येथेच आणले होते. खालच्या कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचू लागली आणि १९५५ मध्ये बुरुजाचा बराचसा भाग पाडावा लागला. छायाचित्र काढण्याच्या हेतूने जाणार असाल तर फार अपेक्षा ठेवू नये.

स्टर्लिंगशायरच्या शाखेतील अलेक्झांडर एल्फिन्स्टन याला चौथ्या जेम्स राजाने १५१० मध्ये लॉर्ड केले. तीन वर्षांनी, १५१३ मध्ये, तो राजाबरोबरच फ्लॉडनच्या लढाईत मारला गेला. त्याचा मुलगा, दुसरा लॉर्ड, १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत पडला. ते रणांगण मूळ एल्फिन्स्टन गावापासून काही मैलांवरच आहे. याच काळात राजाने या घराण्याला अ‍ॅबर्डीनशायरमधील किल्ड्रमीचा किल्ला आणि त्याखालच्या जमिनी दिल्या होत्या. मारच्या अर्लनी त्या १६२६ मध्ये परत मिळवल्या, पण तोवर शंभरांहून अधिक वर्षे गेली होती. आपल्या प्रश्नाशी याचा संबंध असा की उत्तरेकडील परगण्यात हे आडनाव पोहोचण्याची एक वाट येथे दिसते. लोगीची शाखा ही दुसरी वाट.

अ‍ॅबर्डीनचा सर्वांत प्रसिद्ध एल्फिन्स्टन मात्र बिशप विल्यम (१४३१ ते १५१४). १४९५ मध्ये पोपची अनुमती मिळवून त्याने अ‍ॅबर्डीनचे विद्यापीठ स्थापन केले, आणि त्याच्याच पुढाकाराने १५१० मध्ये छापला गेलेला प्रार्थनाग्रंथ स्कॉटलंडमधील आरंभीच्या छापील ग्रंथांपैकी एक आहे. वंशावळीच्या दृष्टीने त्याची मला दिसणारी उपयुक्तता वेगळीच आहे. त्याचे वडील धर्मगुरू होते, त्यांना विवाहाची मुभा नव्हती, आणि बिशप हा त्यांचा अनौरस पुत्र होता. तरीही त्याने वडिलांचे आडनाव लावले आणि ते देशातील सर्वांत मानाच्या नावांपैकी एक केले. औरस वंशावळीच्या कोष्टकात असा माणूस बसत नाही. एखादे कुटुंब खरोखर एल्फिन्स्टन रक्ताचे असूनही उमरावांच्या छापील वंशावळीत सापडत नाही, याचे हे एक कारण असू शकते. याच्या उलट, रक्ताचा संबंध नसलेल्या कुळांनी आणि चाकरांनी धन्याचे आडनाव स्वीकारल्याचीही उदाहरणे स्कॉटलंडमध्ये पुष्कळ आहेत. म्हणून दुर्मीळ आडनाव हा नात्याचा पुरावा मानू नये. त्याला शोधाची दिशा मानावे.

त्यातही उमराव घराण्यांत आडनाव लपते किंवा बदलते. जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याच्या बाजूने झालेल्या बंडात, पकडला जाऊन ऑगस्ट १७४६ मध्ये लंडनच्या टॉवर हिलवर ज्याचा शिरच्छेद झाला, तो लॉर्ड बॅल्मेरिनो खरे तर आर्थर एल्फिन्स्टन. १७९५ मध्ये केप वसाहत घेणाऱ्या आरमाराचा प्रमुख, जो पुढे व्हायकाउंट कीथ झाला, तोही जॉर्ज कीथ एल्फिन्स्टन. पदवीने सही करणाऱ्यांच्या कागदांवर आडनाव दिसतच नाही. जमिनीच्या वारशासाठी नाव बदलणे हा आणखी एक प्रकार. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा थोरला भाऊ चार्ल्स याला आजीच्या माहेरची फ्लेमिंग घराण्याची जमीन मिळाली आणि तो एल्फिन्स्टन फ्लेमिंग झाला. लोगीत याच्या उलट घडले: तेथील वारसदार मुलीशी विवाह करून डॅलरिम्पल हॉर्न घराण्याने एल्फिन्स्टन हे नाव जोडून घेतले. पोर्ट एल्फिन्स्टनला ज्याचे नाव मिळाले तो जमीनदार याच विवाहातला, म्हणजे पित्याकडून डॅलरिम्पल होता.

आता मुंबई. येथे दोन एल्फिन्स्टन आहेत आणि मुंबईकरांनी त्यांची एकच व्यक्ती करून टाकली आहे. पहिले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन: जन्म १७७९, अकराव्या लॉर्डचे धाकटे पुत्र, १८११ पासून पुण्याच्या दरबारात रेसिडेंट (ईस्ट इंडिया कंपनीचे प्रतिनिधी), खडकीच्या लढाईच्या वेळी तेथेच, आणि १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर. ते निवृत्त होताना मुंबईकरांनी त्यांच्या सन्मानार्थ निधी उभारला आणि एल्फिन्स्टन कॉलेजची परंपरा त्यातून निघाली. दुसरे जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन: माउंटस्टुअर्टांचे पुतणे, आधी मद्रासचे आणि १८५३ ते १८६० मुंबईचे गव्हर्नर. एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, आणि २०१८ मध्ये प्रभादेवी झालेले एल्फिन्स्टन रोड स्थानक यांना नाव मिळाले ते पुतण्यावरून. कॉलेज काकाचे, स्थानक पुतण्याचे.

आपल्या विहिणीच्या घरच्या समजुतीला येथे मोठी अडचण येते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन अविवाहित होते. १८६० मध्ये वारलेले तेरावे लॉर्डही अविवाहित होते आणि त्यांची पदवी चुलत भावाकडे, वर सांगितलेल्या फ्लेमिंग शाखेत गेली. म्हणजे दोघांपैकी कोणाचेही औरस वंशज असणे शक्य नाही. ‘गव्हर्नरांच्या घराण्यातले’ याचा अर्थ दूरच्या भाऊबंदांतले असा असेल तर दार पूर्ण बंद होत नाही, परंतु ते कागदाने उघडावे लागेल. माझ्या अनुभवात अशा कथांत नातेसंबंध क्वचितच निखळ खोटा असतो. बहुतेक वेळा कोणीतरी त्या घराण्याच्या जमिनीवर कूळ असतो, कोणीतरी त्या लॉर्डच्या शिफारशीने कंपनीच्या फौजेत भरती झालेला असतो, आणि दोन पिढ्यांनंतर ओळखीचे रूपांतर रक्तात होते.

आणखी एक सापळा आहे. स्कॉटिश कुटुंबांत आश्रयदात्याचे किंवा मित्राचे आडनाव मुलाला मधले नाव म्हणून देण्याची पद्धत होती. मराठी वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे मराठ्यांचा इतिहास लिहिणारे जेम्स ग्रँट डफ. हे गृहस्थ अ‍ॅबर्डीनशायरशेजारच्या बॅन्फ गावचे. जन्मतः नुसते ग्रँट, आणि आईकडून ईडनची मालमत्ता मिळाल्यावर डफ झाले. साताऱ्याला रेसिडेंट असताना ते माउंटस्टुअर्टांच्या हाताखाली होते, आणि १८२९ मध्ये झालेल्या मुलाचे नाव त्यांनी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन असे ठेवले. हे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. नाव पाहून कोणीही त्यांना एल्फिन्स्टनांचे नातलग म्हणेल, पण ते नाव केवळ आदराचे आहे. आपल्या शोधात एल्फिन्स्टन हे मधले नाव म्हणून आले, तर त्यावर काहीही उभारू नये.

कुलचिन्हाविषयी थोडक्यात सांगतो. स्कॉटिश कायद्यानुसार ढालचिन्ह आडनावाचे नसते. ते एका व्यक्तीचे आणि तिच्या वारसाचे असते. १६७२ पासून त्याची सरकारी नोंदवही आहे आणि लॉर्ड लायनचे न्यायालय ती सांभाळते. रानडुकरांच्या तीन मस्तकांचे चिन्ह लॉर्ड एल्फिन्स्टन यांचे आहे. ते नातवाच्या नावाखाली लावणे योग्य होणार नाही, दुकानात छापून मिळत असले तरी.

आता शोध कसा घ्यावा ते सांगतो. लॉर्डपासून खाली उतरू नये. सुनेच्या आईपासून मागे जावे. स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सक्तीची नोंद आहे, आणि त्या दाखल्यांचा एक मोठा गुण असा की विवाहाच्या दाखल्यावर वधू-वर दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात, मृत्यूच्या दाखल्यावरही आईचे माहेरचे आडनाव असते. इंग्लंडच्या त्या काळच्या दाखल्यांत ही सोय नाही. त्यामुळे एक माणूस १८५५ नंतर वारला असेल, तर त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावरून थेट अठराव्या शतकात जन्मलेल्या आईवडिलांपर्यंत जाता येते. ती माहिती मृत व्यक्तीने दिलेली नसते, मुलाने किंवा जावयाने दिलेली असते, म्हणून ती जनगणनेशी ताडून पाहावी. १८४१ पासूनच्या दर दहा वर्षांच्या याद्या त्यासाठी उपलब्ध आहेत. स्कॉटलंडच्या जुन्या कागदांत विवाहित स्त्रियांची माहेरची आडनावे टिकून राहतात, थडग्यांवरसुद्धा, हेही आपल्या कामाचे आहे, कारण आपला धागा आईकडून जातो.

१८५५ च्या मागे चर्चच्या नोंदवह्या लागतात आणि तेथे परिस्थितीवर बरेच अवलंबून असते. काही पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या, वह्या सोळाव्या शतकापासून आहेत, काहींच्या फार उशिरा सुरू होतात. १७८३ मध्ये प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसला आणि तो लागू होता त्या सुमारे अकरा वर्षांत अनेक गरीब घरांनी नोंद केलीच नाही. तेवढ्या काळात माणूस सापडला नाही म्हणजे तो जन्मलाच नाही असे समजू नये. शोधताना आडनावाची सर्व रूपे घ्यावीत: एल्फिन्स्टन, एल्फिस्टून, एल्फिंगस्टन, आणि ‘फ’साठी कधी ‘पीएच’ तर कधी ‘एफ’. जमीन असलेली कुटुंबे १६१७ पासूनच्या जमीन-हस्तांतर नोंदींत सापडतात. त्या नोंदींत आपली मंडळी कोठेच नसतील, तर लॉर्डशी जवळचे नाते असण्याची शक्यता बरीच कमी होते. कोणी कंपनीच्या नोकरीत भारतात आले होते असे घरात सांगत असतील, तर मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

डीएनए चाचणीबद्दल आपण विचारलेले नाही, पण कोणीतरी सुचवीलच. आडनावाबरोबर पित्याकडून पुत्राकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा तपासायचा असेल, तर सुनेची किंवा नातवाची चाचणी उपयोगाची नाही. ती सुनेच्या सख्ख्या मामांची करावी लागेल, आणि तिच्याशी ताडून पाहायला लॉर्डच्या शाखेतील कोणा पुरुषाचा निकाल उपलब्ध असला तरच त्यातून काही कळेल. दाखल्यांचे काम आधी संपवावे. ते स्वस्तही आहे.

नातवाच्या चौकटीसाठी माझी सूचना अशी की दाखल्यांनी सिद्ध झालेल्या पिढ्याच शाईने लिहाव्यात आणि तळाशी ईस्ट लोदियनचा जुना नकाशा लावावा. मूळ गाव तर निर्विवाद आहे. पहिला दाखला मागवायचा तो विहिणीच्या वडिलांकडील आजोबांच्या विवाहाचा. त्यावर त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव आणि वडिलांचा व्यवसाय मिळेल. व्यवसाय आणि पॅरिशचे नाव मला कळवलेत, तर लोगीच्या जमिनीवरची कुळे आधी पाहायची की किल्ड्रमीकडची, हे मी सांगू शकेन.